आडवं होऊन गाडी पाहणारा माणूस

गाडी विकत घ्यायची म्हटली की माणूस तिच्यात बसून बघतो. आमचे जर्मनीतल्या आखनचे घरमालक आडवे होऊन बघायचे. दुकानात शिरायचं, विक्रेत्याला शिस्तीत नमस्कार करायचा, टोपी काढून माझ्या हातात द्यायची, गाडीचा मागचा फाळका खाली पाडायचा आणि आपला सहा फुटांचा देह उघड्या हौद्यात उताणा टाकायचा. पाय सरळ, टाचा जुळलेल्या, डोळे मिटलेले. मिनिटभर तसेच पडून राहायचे. मग उठून कोटाची धूळ झटकायचे आणि म्हणायचे, “आखूड आहे.” नाहीतर म्हणायचे, “आल्झो,” म्हणजे बरं तर, “आता इंजिन बघू.”

विक्रेते आधी गडबडायचे, मग हसू दाबायचे. त्यांचं चुकत होतं असं नाही. हिरव्या जाड कोटातला पासष्टीचा एक जर्मन माणूस हौद्यात प्रेतासारखा पडलेला, आणि शेजारी त्याची टोपी धरून साडीवर लोकरीचा कोट घातलेली एक काळीसावळी बाई. मला पहिल्यांदा इतकी लाज वाटली होती की मी भिंतीवरचं टायरचं चित्र बघत उभी राहिले.

आम्ही तिथे गेलो ते साठ सालच्या शरद ऋतूत. आमचे हे तिथल्या टेक्निकल होखशूलमध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, डॉक्टरेट करत होते. विषय डिझेल इंजिनाचा. इंधन आत फवारलं जातं ते किती कोनातून जावं, असं काहीतरी. मी लग्न होऊन सहा महिने झालेली, मिरजेजवळच्या एका गावातली. पहिले तीन आठवडे आम्ही जागा शोधत होतो. दार उघडायचं, आमच्याकडे बघितलं जायचं, आणि खोली कालच गेली असं सांगितलं जायचं. शहराच्या दक्षिण टोकाला, जिथून एफेलच्या जंगलाचा रस्ता सुरू होतो, तिथल्या एका घराचं दार या गृहस्थांनी उघडलं. आमच्या ह्यांनी आपण काय शिकतो ते सांगितलं. त्यातला ‘डिझेल’ हा एकच शब्द त्यांनी उचलला.

“थंडीत ते चालू का होत नाही?” त्यांनी विचारलं.

आमच्या ह्यांनी उंबऱ्याबाहेर पावसात उभं राहून वीस मिनिटं उत्तर दिलं. घरमालक डावा कान पुढे करून ऐकत होते. उजव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू यायचं नाही; आयुष्यभर बंदूक उजव्या खांद्याला लावून तो कान गेला होता. उत्तर संपल्यावर त्यांनी वरच्या दोन खोल्यांची किल्ली काढून दिली. तुमच्या स्वयंपाकाला वास येतो का, मुलं होणार आहेत का, यातलं काहीच विचारलं नाही. पुढे पुष्कळ दिवसांनी ते मला म्हणाले की तुमच्या नवऱ्याला सगळं माहीत आहे, फक्त गाडी कुठली घेऊ एवढं सांगता येत नाही.

नोकरीत असताना ते वजनमापं तपासणारे सरकारी अधिकारी होते. दुकानादुकानांतून जाऊन तराजू खरे आहेत की नाहीत ते बघायचं आणि शिक्का मारायचा. निवृत्त झाले तरी हात थांबला नव्हता. आईने मला दिलेलं पितळी चिपटं त्यांनी एकदा ओट्यावर पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते पाणी भरून मोजलं आणि किती मिलिलिटर ते छोट्या कागदावर लिहून बुडाला चिकटवून दिलं. खाली सही होती. ते चिपटं मापात कमी भरतं याचं त्यांना वाईट वाटलं होतं, आणि मला ते कसं सांगावं याचा त्यांनी विचार केलेला दिसत होता.

बायको लढाईच्या शेवटच्या वर्षात गेली होती. मूलबाळ नव्हतं. सकाळी ते स्वतःसाठी एक अंडं उकडायचे आणि घड्याळ हातात धरून समोर उभे राहायचे. टेबलाशी खुर्च्या चार होत्या, पण उशी एकाच खुर्चीवर होती.

शिकार हा त्यांचा एकच नाद. एफेलच्या डोंगरात त्यांनी शिकारीचा एक टापू भाडेपट्ट्याने घेतलेला होता. तिथे त्यांचं मचाण होतं आणि हिवाळ्यात हरणांना गवत घालायची एक जागा. तिथे ते पोस्टाच्या बसने जायचे. खांद्याला बंदुकीची पेटी, पाठीवर पिशवी, मांडीवर टोपी. गल्लीतली माणसं याला हसायची. शिकारी आणि बसने जातो. एकदा त्यांनी भेकराएवढं लहान हरीण मारलं आणि पाठपिशवीत घालून बसमध्ये चढले. पाय बाहेर आलेले होते. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी तक्रार केली. ड्रायव्हरने सांगितलं की असलं सामान पुन्हा आणू नका. पुढच्या थांब्यावर ते उतरले आणि उरलेली वाट पायी तुडवत घरी आले. त्यानंतर ते मोकळ्या हाताने परत यायचे. मचाणावर बसायचे, बघायचे, बसची वेळ झाली की उतरायचे.

गाडी घ्यायचं मनात होतंच. पण ती कशी असावी हे पक्कं होतं. मागे उघडा हौदा असलेली, लहान, डिझेलवरची. आपल्याकडे आता पिकअप म्हणतात. ते प्रिट्शे म्हणायचे. पेट्रोलचं इंजिन ठिणगीवर चालतं आणि दमट हवेत ठिणगी दगा देते, डिझेलला ठिणगीच लागत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की भाषा नीट येत नसताना मला ते वाक्य पाठ होतं. आम्ही राहायला येण्याआधीपासून ते गाडी शोधत होते. शोध संपत नव्हता.

त्या घरात माझा दिवस फार लांब होता. हे आठ वाजता जायचे, अंधार पडल्यावर यायचे, आणि आल्यावरही डोकं इंजिनातच असायचं. मराठी बोलायला कोणी नव्हतं. बॉनला दोन मराठी विद्यार्थी होते, ते दोन-तीन महिन्यांतून एकदा पिठलंभात खायला यायचे, आणि ते गेले की घर आधीपेक्षा मोकळं वाटायचं. मी खिडकीत बसायची. काही दिवस असे जायचे की संध्याकाळी ह्यांच्याशी बोलायला तोंड उघडलं की आपला आवाज ओळखीचा वाटायचा नाही.

पुढच्या वसंतात एका सकाळी गल्लीत कोळशाचा ट्रक येऊन उभा राहिला. घरमालक फाटकाशी होते, मी पायरीवर. ट्रक चालूच होता आणि मला राहवेना. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये त्यांना म्हटलं की याचा एक सिलिंडर काम करत नाही. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग जाऊन ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, हो, दोन दिवस झाले, उद्या गॅरेजला न्यायची आहे.

ते परत आले आणि माझ्यासमोर टोपी काढून उभे राहिले.

मी त्यांना खुणांनी आणि सापडतील त्या शब्दांनी सांगितलं. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनवर चालणारी. इंजिनघर आणि आमचं माजघर यांच्यात एकच भिंत. त्या पुकपुक आवाजावर आम्ही झोपायचो, जेवायचो, अभ्यास करायचो. वडील ताटावर बसलेले असताना घास थांबवून म्हणायचे, नोझल धरलंय. नाहीतर, पट्टा सरकतोय. मी सात-आठ वर्षांची झाले तोवर त्यांच्याआधी मला कळायला लागलं होतं. यात काही विद्या आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. घरच्या म्हशीचं हंबरणं ओळखावं तसं ते होतं.

त्या दिवसापासून ते मला ‘फ्राऊ माइस्टर’ म्हणायला लागले. फ्राऊ म्हणजे बाई, आणि माइस्टर म्हणजे सनद मिळवलेला कारागीर, उस्ताद. आधी ‘फ्राऊ डॉक्टर’ म्हणायचे, नवऱ्याला डॉक्टरेट मिळायची होती तरीही. मला ही बढती वाटली.

त्यांनी रीतसर ह्यांची परवानगी मागितली. मग गुरुवार हा आमचा गाडी बघायचा वार ठरला. आखनमधली दुकानं, आसपासच्या गावांतली गॅरेजं, शेतकऱ्यांची अंगणं. मी टॉवेलला जर्मनमध्ये काय म्हणतात ते शिकायच्या आधी नोझलला ड्यूझे म्हणतात हे शिकले. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे त्यांनी इंजिनाच्या पत्र्यावर पालथा हात ठेवायचा. पत्रा गरम लागला तर पुढे काहीच नाही, सरळ परत. आपण यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलेलं आहे, म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे, असा त्यांचा नियम. बॉनला एका सरकारी खात्याच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या होत्या. तिथे आम्ही सकाळची आगगाडी पकडून गेलो, त्यांनी पत्र्यावर हात ठेवला, आणि पुढच्या गाडीने परत आलो. वाटेत ते एकदाच बोलले. गार इंजिनाला खोटं बोलता येत नाही, असं म्हणाले.

हात झाला की हौदा. हौद्यानंतर माझं काम. मी डोळे मिटून ऐकायची. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. मी नाही म्हणून मान हलवली की हौदा मोजायची घडीची पट्टी खिशात टाकून आम्ही निघायचो. खरं सांगायचं तर काही गाड्या मला बऱ्या वाटल्या होत्या. पण मी बरी म्हटलं तरी त्यांना काहीतरी सापडायचंच. फाळक्याची कडी सैल आहे. हौदा चार बोटं आखूड आहे. पुढेपुढे मला वाटायला लागलं की या माणसाला गाडी घ्यायचीच नाहीये. गुरुवार हवा आहे. आणि मलाही गुरुवार हवा होता, म्हणून मी गप्प राहत होते.

एका दुकानात मात्र माझा संयम सुटला. तिथल्या दोन विक्रेत्यांनी त्यांना हौद्यात पडलेलं पाहून एकमेकांना कोपर मारलं, आणि एकाने छातीवर क्रूस केला. ते घरमालकांनी पाहिलं नाही, मी पाहिलं. बाहेर आल्यावर बस यायला वेळ होता. थांब्याच्या बाकावर त्यांनी नेहमीप्रमाणे पाव-चीजचा डबा उघडला आणि अर्धा मला दिला. मी विचारलं की रानडुक्कर टाकायला एवढा लांब हौदा कशाला लागतो, आणि तुम्ही स्वतः का झोपून बघता.

त्यांनी पाव परत डब्यात ठेवला.

मग त्यांनी जे सांगितलं ते सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांचा एक मित्र होता, गल्लीच्या टोकाला बेकरी असलेला. तीस वर्षं दोघं मिळून शिकारीला जात. लढाईत दोघं वेगवेगळीकडे होते, दोघंही परत आले, आणि परत आल्यावर पहिल्या रविवारी पुन्हा जंगलात गेले. तेव्हा त्यांच्याकडे पेट्रोलची एक छोटी जुनी गाडी होती. आम्ही यायच्या तीन हिवाळे आधी ते दोघं हरणांना गवत घालायला गेले होते. धुकं होतं, बर्फ ओला होता. गवत टाकून झालं आणि मित्राच्या छातीत कळ आली. त्याला बसता येईना. घरमालकांनी त्याला हौद्यात निजवायचा प्रयत्न केला, पण हौदा आखूड होता, पाय बाहेर राहत होते. शेवटी पाय दुमडून, अंगावर स्वतःचा कोट घालून निजवलं. गाडी चालू होईना. त्यांनी अर्धा तास हँडल मारलं. मग ते सात किलोमीटर चालत गावात गेले. ट्रॅक्टर घेऊन परत आले तेव्हा मित्र गेलेला होता.

“पाय सरळ करता आले नाहीत,” ते म्हणाले. “बेकरीवाल्याची बायको मला विचारत होती, असे का ठेवले. मी मापं तपासणारा माणूस. माझी गाडी आखूड होती आणि मला माहीत नव्हतं.”

बस आली तेव्हा आम्ही दोघं चढलो. त्यांनी नेहमीप्रमाणे मला खिडकीकडची जागा दिली. मी रस्ताभर बाहेर बघत होते, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि त्यांना ते आवडलं नसतं.

त्यानंतर आमचं गाडी बघणं बदललं. मी मान हलवताना दोनदा विचार करायला लागले. गुरुवार आपल्याला हवेत म्हणून एका माणसाला बसने पाठवत राहणं बरं नाही, हे माझं मला कळलं.

बासष्टच्या शरदात गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेवाल्याची गाडी विकायची असल्याचं कळलं. राखाडी रंगाची, हौद्याच्या फळ्या कुंड्यांनी घासलेल्या. पत्रा गार होता. हौद्यात ते आडवे झाले आणि पाय सरळ होऊनही टाचांपुढे वीतभर जागा उरली. तिथे ते इतका वेळ पडून राहिले की रोपवाटिकेवाल्याने माझ्याकडे बघितलं. मग इंजिन. डिझेल गाडी चालू करायच्या आधी एक खिट्टी ओढून धरावी लागते आणि समोरच्या जाळीआडची तार लाल होईपर्यंत थांबावं लागतं. तार लाल झाली, त्यांनी चालू केलं, मी डोळे मिटले. आवाज करकरीत नवा नव्हता, वयाचा होता, पण त्यात कुठेही खोट नव्हती. चारही सिलिंडर एकामागे एक, वाट न चुकता.

ते म्हणाले की फाळका जरा घट्ट बसतो. मी म्हटलं, “घ्या.”

“फ्राऊ माइस्टर, तुम्हाला खात्री आहे?”

मी हो म्हटलं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर ते चिडले. अगं, उद्या जंगलात बंद पडली आणि त्या म्हाताऱ्याला काही झालं तर कुणाच्या शब्दावर घेतली होती, असं म्हणतील. ह्यांचं बरोबर होतं. मला रात्रभर वडिलांच्या गिरणीतला आवाज आठवत राहिला.

गाडी चांगली निघाली. पण झालं भलतंच. जंगलात गेल्यावर ते इंजिन बंद करेनात.

मला हे फॉर्स्टरकडून कळलं. फॉर्स्टर म्हणजे जंगलाचा अधिकारी. तो एकदा मुद्दाम घरी आला. घरमालक नव्हते, म्हणून मलाच सांगून गेला. म्हणाला की तुमचे घरमालक मचाणाखाली गाडी धडधडत ठेवून तीन-तीन तास वर बसतात. सगळा डोंगर निनादतो. चार मैलांत जनावर फिरकत नाही. शिकार राहू द्या, गवत घातलेलंही खायला हरणं येत नाहीत, आणि या थंडीत ती मरतील.

तो त्रेसष्टचा जानेवारी होता. तसली थंडी आम्ही पुन्हा पाहिली नाही. नळ फुटले होते, झाडांवरून पाखरं खाली पडलेली दिसायची. आपल्याकडे थंडीत खोबरेल थिजतं तसं तिथे डिझेल थिजत होतं. त्यात रॉकेल मिसळून घरमालक त्याची बरणी खिडकीबाहेर ठेवायचे आणि दर सकाळी तिरपी करून बघायचे. एका रविवारी दुपारी मी ह्यांना म्हटलं की मी त्यांच्याबरोबर जंगलात जाऊन येते. ह्यांनी मला स्वतःचे लोकरीचे मोजे दिले.

वर पोचलो, दोघांनी मिळून गवताचे भारे उतरवले, लाकडी गव्हाणीत भरले आणि पुन्हा गाडीत येऊन बसलो. इंजिन चालू. समोर पांढरं रान, दूरवर काही हालचाल नाही. त्यांचा हात किल्लीवर होता आणि तो तिथेच होता. मला दिसत होतं की ते त्या जागेकडे बघत नव्हते. गव्हाणीच्या डाव्या बाजूला जिथे पूर्वीची गाडी उभी राहत असणार, ती जागा सोडून ते सगळीकडे बघत होते.

“बंद करा,” मी म्हटलं.

“आणि पुन्हा चालू झाली नाही तर?”

“चालत जाऊ. दोघं जाऊ. मागे कुणी राहणार नाही.”

त्यांनी किल्ली फिरवली.

इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. माझ्या कानांना ती टोचली. लहानपणापासून भिंतीपलीकडे काही ना काही चालू असायचंच. त्यांना एका कानाने ती कितपत ऐकू आली कोण जाणे, पण त्यांचे ओठ हलत होते. आम्ही तासभर बसलो असू. काच आतून गोठत होती, ते मधूनमधून हातमोज्याने पुसत होते. मग झाडांच्या कडेने एक मादी आली, थांबली, मान वर करून वास घेतला. तिच्यामागे दोन. मग आणखी चार. बरगड्या मोजता येतील अशी झालेली. ती गव्हाणीशी आली आणि खायला लागली. बंदूक पेटीतच होती.

उजेड उतरायला लागला तेव्हा त्यांनी खिट्टी ओढली. तार लाल झाली. इंजिन एकदा खोकलं आणि थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की डिझेल पोचतंय, मला ऐकू येतंय, अजून थोडं तापू द्या. दुसऱ्यांदाही नाही. त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम होता. तिसऱ्यांदा पहिला सिलिंडर पेटला, मग दुसरा, आणि सगळी गाडी थरथरून जागी झाली. हरणं उधळून रानात शिरली. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि नुसतं “गेनाऊ” म्हणाले. बरोबर, अगदी हेच, असा त्याचा अर्थ. कोणाला म्हणाले ते मी विचारलं नाही.

पुढे ते गाडी बंद करायला लागले. मी बरोबर असले तरी आणि नसले तरी. फॉर्स्टरने रस्त्यात मला टोपी काढून नमस्कार केला. शरदात घरमालकांनी एक रानडुक्कर मारून गाडीतून आणलं, आणि पूर्वी हसणाऱ्या गल्लीतल्या घराघरांत वाटून दिलं. बेकरीवाल्याच्या बायकोला पहिला वाटा. मी मांस खात नव्हते हे त्यांना माहीत होतं. माझ्यासाठी त्यांनी एफेलमधून अक्रोडांची पिशवी आणली होती.

चौसष्टच्या मे महिन्यात ह्यांना डॉक्टरेट मिळाली आणि आम्ही निघालो. जिनोआहून बोट होती. ट्रंका तीन होत्या. स्टेशनवर मी सोडेन, हौदा त्यासाठीच आहे, असं घरमालकांनी महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी हौदा धुतला, दोऱ्या काढून ठेवल्या, ट्रंका कशा लावायच्या त्याचा कागदावर नकाशा काढला.

सकाळी ते घरात नव्हते. गाडीही नव्हती. आम्ही वाट पाहिली. मी दोनदा त्यांच्या खोलीचं दार वाजवलं. शेवटी ह्यांनी शेजारून फोन करून टॅक्सी बोलावली. आगगाडी चुकायची वेळ आली होती, ट्रंका चढवताना एकीची कडी तुटली, आणि मला राग आवरेना. चार वर्षं एका घरात राहिलो आणि निरोप घ्यायला उभं राहता आलं नाही. बोटीवर दोन आठवडे मी त्यांना नावं ठेवत होते. हे म्हणाले, म्हातारा विसरला असेल. वजनमापं तपासणारा माणूस विसरत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि त्याचाच जास्त राग होता.

पुण्याला ह्यांना नोकरी लागली. कंपनीचं क्वार्टर मिळालं. हे सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. आसपासच्या बायका चांगल्या होत्या, मराठीच बोलायच्या, पण मी गप्पच असायची. काय बोलायचं ते सुचत नसे. जर्मनीत काय पाहिलंस, असं त्या विचारायच्या. मी म्हणायची, बर्फ.

पावसाळ्याच्या शेवटी पत्र आलं. माझ्या नावावर. त्यांचं अक्षर जुन्या वळणाचं होतं, मला ते कधीच वाचता यायचं नाही. म्हणून त्यांनी सगळं पत्र सुट्ट्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, शिक्क्यावर असतात तसल्या. मी शब्दकोश घेऊन बसले. हे कामावर होते.

त्यांनी लिहिलं होतं: “त्या सकाळी मी गल्लीच्या कोपऱ्यावर गाडीत होतो. टॅक्सी आली, तुमच्या ट्रंका चढल्या, ते पाहिलं. गाडी ठीक होती, तिच्यात दोष नव्हता, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहीत आहे. दोष माझा. माणसं बरोबर घेऊन निघायचं आणि एकट्याने परत यायचं, हे मी एकदा केलं आहे. दुसऱ्यांदा जमलं नाही.”

मी त्या दिवशीच उत्तर लिहिलं. ह्यांना सांगितलं असतं तर त्यांनी शुद्ध करून दिलं असतं, पण मी सांगितलं नाही. तुटक्या जर्मनमध्ये तीन-चार ओळी: आम्ही नीट पोचलो. मी तुमच्यावर रागावले होते. आता रागावलेली नाही. घर मोठं आहे, दिवस लांब आहे.

त्यानंतर दर नाताळात त्यांचं कार्ड यायचं, त्याच सुट्ट्या अक्षरांत. त्यात गाडीची तब्येत, त्या वर्षीचा बर्फ आणि हरणं किती आली ते असायचं. तीन वर्षं आलं. चौथ्या वर्षी आलं नाही. मी जानेवारी संपेपर्यंत वाट पाहिली, मग फेब्रुवारी. कोणाला तरी पत्र लिहून विचारावं असं मनात आलं, आणि कागद पुढे घेतल्यावर लक्षात आलं की त्या गावात विचारावं असं माझं दुसरं कोणीच नव्हतं.